स्कूबाच्या कार्डावरचं नाव आणि पाण्यातला माणूस

मालवण असो, अंदमानातलं हॅवलॉक असो की थायलंडमधलं कोह ताओ, डाइव्ह शॉपच्या दारावर ठरावीक दोन-तीन लोगोंपैकी एक हमखास दिसतो. बहुतेक ठिकाणी पॅडी, त्याखालोखाल एसएसआय. मग पहिल्यांदा कोर्स करणारा विचारतो, "पॅडीचा करू की एसएसआयचा?" प्रश्न साधा आहे, पण तो विचारताना आपण एक गोष्ट धरूनच चालतो, की ही कंपनी आपल्याला डायव्हिंग शिकवणार आहे. या कंपन्या तुम्हाला शिकवत नाहीत. शिकवतो तो त्या दुकानातला इन्स्ट्रक्टर, आणि तो कंपनीचा नोकर नसतो.

मग कंपनी करते काय? अभ्यासक्रम आखते. कोणत्या कोर्सला किमान किती डाइव्ह हव्यात, किती खोल जायचं, एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी चालतील, याचे नियम ठरवते. इन्स्ट्रक्टर होऊ पाहणाऱ्यांची परीक्षा घेते. पुस्तकं, व्हिडिओ, ऑनलाइन कोर्स विकते आणि शेवटी कार्ड देते. हे सारं करणाऱ्या कंपनीला 'ट्रेनिंग एजन्सी' म्हणतात. इन्स्ट्रक्टर आणि दुकानं तिला दरवर्षी सभासद-फी भरतात, विद्यार्थ्यांसाठी तिचं साहित्य विकत घेतात. पैशांच्या हिशेबानं बघितलं तर एजन्सीचं पहिलं गिऱ्हाईक दुकानदार आणि इन्स्ट्रक्टर. तुम्ही गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक. हे एकदा लक्षात आलं की या धंद्यातली जाहिरात, त्यावरचे वाद आणि लोकांच्या तक्रारी यांचा बराचसा उलगडा होतो.

शिक्क्याची गरज कुठून आली

१९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी 'ॲक्वालंग' तयार केलं. पाठीवर दाबानं भरलेल्या हवेची टाकी, तोंडात रेग्युलेटर, आणि श्वास ओढला की हवी तेवढीच हवा. युद्धानंतर हे यंत्र कुणालाही दुकानातून विकत घेता येऊ लागलं. वापरायचं कसं, हे सांगायला मात्र कुणी नव्हतं. पाण्याखाली टाकीतली हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलं, तर ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. एवढी एक गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दोन-तीन मीटर पाणीसुद्धा जिवावर बेतू शकतं.

ब्रिटनमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब निघाला. तिथली रीत क्लबाची: जुन्या सभासदांनी हौसेखातर नव्यांना शिकवायचं. अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीच्या उद्यान आणि क्रीडा खात्यानं १९५४ मध्ये इन्स्ट्रक्टर तयार करायला घेतले, म्हणजे तिथे सुरुवात चक्क सरकारी खात्यानं केली. १९५९ साली मोनॅकोत 'सीमास' हा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि कूस्तो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९६० साली ह्यूस्टनमध्ये 'नाउई' या एजन्सीचा पहिला इन्स्ट्रक्टर-वर्ग भरला. नाउई आजही ना-नफा संस्था आहे.

पॅडी आली ती १९६६ मध्ये, आणि तीही समुद्राचा पत्ता नसलेल्या इलिनॉय राज्यात. जॉन क्रोनिन हे डायव्हिंगचं साहित्य बनवणाऱ्या 'यूएस डायव्हर्स' कंपनीचे विक्री प्रतिनिधी, राल्फ एरिक्सन पोहण्याचे प्रशिक्षक. व्हिस्कीची एक बाटली आणि तीस डॉलर एवढ्या भांडवलावर हे सगळं सुरू झालं, अशी गोष्ट कंपनीच सांगत आली आहे. खरी असेलही. पण जाहिरातीला याहून छान जन्मकथा मिळणं कठीण. मला त्यातला महत्त्वाचा भाग बाटलीचा वाटत नाही, क्रोनिन यांच्या नोकरीचा वाटतो. लोक शिकल्याशिवाय मास्क, फिन्स, रेग्युलेटर खपत नाहीत, आणि शिकवणारे वाढल्याशिवाय शिकणारे वाढत नाहीत, हे फिरत्या विक्रेत्याला जितकं कळतं तितकं हौशी क्लबवाल्याला कळत नाही.

बहुतेक देशांत हौशी डायव्हरकडे परवाना हवाच, असा कायदा नाही. कार्ड मागतं ते दुकान. कार्ड दाखवा, मग टाकी भरून मिळेल. कार्ड दाखवा, मग बोटीवर घेऊ. सरकारनं येऊन नियम करण्याआधी धंद्यानं स्वतःचेच नियम केले. अमेरिकेतल्या एजन्सींनी ऐंशीच्या दशकात एकत्र येऊन किमान निकष ठरवले. पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनंही हौशी डायव्हिंगसाठी मानकं काढली. पॅडी, एसएसआय आणि बाकीच्या मोठ्या एजन्सींचा सुरुवातीचा कोर्स आज याच पायरीवर उभा आहे. आयएसओ २४८०१ या मानकाच्या दुसऱ्या पातळीला 'स्वतंत्र डायव्हर' म्हटलं आहे, आणि तुमचा पहिला, 'ओपन वॉटर' नावाचा कोर्स तिथेच बसतो. म्हणून 'कुठली एजन्सी चांगली' या प्रश्नाचं पहिल्या कोर्सपुरतं उत्तर फारसं रंजक नाही. तळाची रेघ सगळ्यांची जवळपास एकच आहे. फरक पडतो तो त्या रेघेच्या वर कोण किती जातं यावर, आणि ते ठरवतो इन्स्ट्रक्टर.

विक्रेत्याचं डोकं

पॅडीनं पहिली गंमत केली ती कार्डाची. साठच्या दशकाच्या अखेरीस तिनं डायव्हरचा फोटो असलेलं कार्ड आणलं. कारण सुरक्षिततेचं होतं, दुसऱ्याचं कार्ड दाखवून हवा भरून घेणारे कमी नव्हते. पण परिणाम जाहिरातीचाही झाला. प्रत्येक डायव्हरच्या पाकिटात कंपनीचा लोगो आणि त्याशेजारी त्याचाच चेहरा. लोक ते कार्ड मिरवतात. त्याला मुदत नसते, त्यामुळे पंधरा वर्षांत पाण्यात न उतरलेला माणूसही अजून 'पॅडी डायव्हर' असतो.

दुसरी गोष्ट कोर्सचे तुकडे करण्याची. सुरुवातीच्या काळातल्या शिकवणीला लष्करी वळण होतं. कित्येक आठवडे चालणारे वर्ग, दमछाक करणारं पोहणं, पाण्याखाली मास्क ओढून काढणारे उस्ताद. पॅडीनं ही एकसंध शिकवणी फोडून पायऱ्या केल्या: ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरच्या खालची व्यावसायिक पायरी), आणि मधेमधे स्पेशालिटी, म्हणजे एकेका विषयाच्या कोर्सचे फाटे. आज ओपन वॉटर तीन-चार दिवसांत होतो. २०० मीटर पोहणं, १० मिनिटं तरंगणं, तलावात किंवा उथळ पाण्यात कौशल्यांचा सराव, मग खुल्या पाण्यात ४ डाइव्ह. झाल्यावर १८ मीटरपर्यंत, सोबत्याबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय उतरायची मुभा.

यावर जुने डायव्हर नाक मुरडतात. 'पॅडी' म्हणजे 'पुट अनदर डॉलर इन', अजून एक डॉलर टाका, हा विनोद जगभरच्या बोटींवर इतका घासून गुळगुळीत झालाय की आता पॅडीचे इन्स्ट्रक्टरच तो आधी सांगून मोकळे होतात. तक्रारीत तथ्य आहे. चार डाइव्हनंतर बहुतेक माणसाला पाण्याखाली एका पातळीवर नीट तरंगतही राहता येत नाही, हवा भराभरा संपते, आणि कागदावर तो स्वतंत्र डायव्हर. पण जुन्या रीतीचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगावं, की त्या वर्गांत बायका किती होत्या, पन्नाशीतली माणसं किती होती. तेव्हाची उपकरणंही अपुरी होती. हवेचा दाब दाखवणारं मीटर, सोबत्यासाठीचा जादा रेग्युलेटर, फुगवता येणारं जॅकेट हे सगळं पुढे सरसकट आलं आणि शिकवायच्या कितीतरी गोष्टी सोप्या झाल्या. कोर्स लहान झाला याचं मला वाईट वाटत नाही. लहान कोर्सनंतर माणसाला काय येत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही, याचं वाटतं.

त्याला दुसरंच सांगितलं जातं. उदाहरणार्थ, 'ॲडव्हान्स्ड'. पॅडीचा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्स ५ डाइव्हचा आहे. त्यात एक खोल डाइव्ह आणि एक दिशाज्ञानाची सक्तीची, बाकीच्या तीन आवडीच्या. ओपन वॉटर संपवून दुसऱ्या दिवशी सुरू केला तर एकूण नऊ डाइव्हमध्ये माणूस 'ॲडव्हान्स्ड' होतो आणि ३० मीटरपर्यंत जाऊ शकतो. एसएसआयमध्ये याच नावाच्या पातळीसाठी ४ स्पेशालिटी आणि लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, २४ डाइव्ह लागतात. नाव तेच, कार्ड दिसायलाही तसंच, मागे अनुभव मात्र वेगळाच. पण दुसरीकडच्या विद्यार्थ्याला पाचच डाइव्हमध्ये 'ॲडव्हान्स्ड' म्हणवून घेता येतं म्हटल्यावर एसएसआयलाही उत्तर शोधावं लागलं. तिनं 'ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर' नावाचा ५ डाइव्हचाच कोर्स ठेवला. बाजारात नाव कोण ठरवतं, ते यावरून कळतं.

किंवा 'फाइव्ह स्टार' घ्या. पॅडीच्या दुकानांना फाइव्ह स्टार डाइव्ह सेंटर, फाइव्ह स्टार आयडीसी सेंटर असे दर्जे असतात. आपल्याला पंचतारांकित म्हटलं की हॉटेल आठवतं, म्हणजे कुणीतरी त्रयस्थ माणूस येऊन, सगळं तपासून तारे देऊन गेला असणार. इथले तारे एजन्सी स्वतःच्याच सभासद दुकानाला देते. ते दुकान तिचे कोणकोणते कोर्स, साहित्य आणि कार्यक्रम चालवतं, यावर दर्जा बराचसा ठरतो. आयडीसी म्हणजे तिथे इन्स्ट्रक्टर तयार करण्याचा कोर्स होतो, एवढंच. अशी दुकानं वाईट असतात असं नाही, पुष्कळ उत्तम असतात. फक्त त्या ताऱ्यांवरून टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे कळत नाही.

आकड्यांचंही तसंच. पॅडीनं आजवर दिलेली प्रमाणपत्रं तीन कोटींच्या घरात असल्याचं कंपनी सांगते. ही प्रमाणपत्रं आहेत, माणसं नाहीत. ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि दोन स्पेशालिटी केलेला एकटा माणूस त्यात पाच वेळा मोजला जातो.

मालकीचा मुद्दा पटकन सांगून टाकतो. पॅडीच्या लांबलचक नावात 'प्रोफेशनल असोसिएशन' असे शब्द आहेत, त्यामुळे ती इन्स्ट्रक्टरांची संघटना वाटते. ती नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे, आणि २०१७ मध्ये ती ७० कोटी डॉलरना मँडरिनफिश होल्डिंग्ज या गुंतवणूकदार गटाकडे गेली. १९७० साली निघालेली एसएसआय २०१४ पासून हेड या क्रीडासाहित्याच्या समूहाकडे आहे, आणि 'मारेस' हा डायव्हिंग साहित्याचा ब्रँडही त्याच समूहाचा. एसएसआयच्या दुकानात मारेसचं सामान जास्त दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

नाव आमचं, माणूस त्यांचा

आता सगळ्यात कळीचा कागद. कोर्सच्या पहिल्या दिवशी पाच-सहा फॉर्म समोर येतात आणि आपण सह्या ठोकत सुटतो. पॅडीच्या फॉर्ममध्ये एक कलम असं असतं: इथले सभासद पॅडीचं नाव आणि चिन्ह वापरायला, पॅडीचं प्रशिक्षण द्यायला परवानाधारक आहेत, पण ते पॅडीचे एजंट, नोकर किंवा फ्रँचायझी नाहीत, त्यांचा धंदा स्वतंत्र आहे आणि रोजच्या कामकाजावर पॅडीचं नियंत्रण नाही. सरळ मराठीत सांगायचं तर पाटी आमची, पण काही झालं तर माणूस आमचा नाही.

कायद्याच्या नजरेनं यात गैर काही नाही. १८० हून अधिक देशांत पसरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास व्यावसायिक सभासदांपैकी आज सकाळी कुठला इन्स्ट्रक्टर काय करतोय, हे कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात बसून कुणाला दिसणार? मात्र जाहिरातीचा सूर याच्या अगदी उलट असतो. जग डायव्हिंग शिकतं ते आमच्याकडे, जगात कुठेही आमचा लोगो दिसला की निर्धास्त राहा, असा. जाहिरात विश्वास विकते आणि फॉर्म तो परत घेतो.

याचा कस लागतो तो अपघातानंतर. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या लेक मॅकडोनल्डमध्ये, कोर्स करणारी १८ वर्षांची मुलगी बुडाली. पाणी गोठवणारं, म्हणून अंगात ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा सूट. या सूटमध्ये खोल जाताना हवा भरावी लागते, नाहीतर पाण्याचा दाब तो अंगावर आवळतो. ती हवा भरायची नळी तिच्या सूटला जोडलेलीच नव्हती, आणि अंगावर वजन भरमसाट होतं. पुढच्या वर्षी कुटुंबानं खटला भरला तेव्हा दुकान आणि इन्स्ट्रक्टर यांच्याबरोबर पॅडीलाही प्रतिवादी केलं. अशा खटल्यांत एजन्सीचा बचाव ठरलेला असतो, वरच्या कलमातला. समोरच्या वकिलाचा प्रश्नही ठरलेला: शिक्षक तुम्ही पास केलात, नियम तुमचे, कार्ड तुमचं, फी तुम्ही घेतलीत, मग नियंत्रण नाही कसं?

डायव्हरांमध्ये एक वाक्य सतत ऐकू येतं, 'एजन्सी बघू नकोस, इन्स्ट्रक्टर बघ.' सल्ला म्हणून अगदी योग्य आहे. पण हे वाक्य सगळ्यात सोयीचं पडतं ते एजन्सीला. चांगला इन्स्ट्रक्टर भेटला की नाव ब्रँडचं होतं, वाईट भेटला की दोष त्या माणसाचा. प्रत्यक्षात इन्स्ट्रक्टरची निवड, त्याची परीक्षा, त्याच्यावरची देखरेख ही सगळी एजन्सीचीच कामं आहेत.

ती देखरेख होते कशी? इन्स्ट्रक्टर होताना परीक्षा बऱ्यापैकी कडक असते. पॅडीत इन्स्ट्रक्टरला तयार करणारा कोर्स डायरेक्टर वेगळा आणि परीक्षा घेणारा परीक्षक वेगळा, तो थेट पॅडीकडून येतो. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र तुमच्या कोर्सला ती लागू नाही. तुम्हाला शिकवतो त्यानंच तुम्हाला पास करायचं असतं. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मालकानंच आरटीओचा शिक्का मारावा, तसं. तुम्ही नापास झालात तर त्याला आणखी एक दिवस फुकट शिकवावं लागणार, संध्याकाळी तुमची परतीची फेरी, उद्या सकाळी नवी तुकडी. अशा वेळी प्रामाणिक इन्स्ट्रक्टरसुद्धा कधी कधी 'चालेल' म्हणतो. एजन्सी कार्ड दिल्यावर काही विद्यार्थ्यांना ईमेलनं प्रश्नावली पाठवते: हे कौशल्य करून घेतलं का, डाइव्ह किती झाल्या. बरेच जण ती उघडत नाहीत. उघडणाऱ्याला आपल्याकडून काय करून घ्यायला हवं होतं तेच माहीत नसतं.

वेगळा मार्ग धरणारेही आहेत. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबमध्ये शिकवणारा बहुधा तुमच्याच शाखेचा सभासद असतो, पुढच्या रविवारी तुमचा सोबती म्हणून त्यालाच पाण्यात उतरायचं असतं. त्यामुळे कच्चा माणूस पुढे ढकलण्यात त्याचाच तोटा. 'जीयूई' ही १९९८ च्या सुमारास निघालेली छोटी संस्था पैसे भरले म्हणून कार्ड मिळेल असं मानत नाही, तिच्याकडे नापास होणं सर्रास आहे आणि कार्डाचं मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं. तिची ख्याती मोठी, पसारा लहान. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला पाच दिवसांत हे जमणार नाही, आणि त्यांना ते विकताही येणार नाही.

पाच तारे देणारा नवखा

लोगोवरचा विश्वास कमी झाला की माणूस गूगलवरचे रिव्ह्यू वाचतो. इथे एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. स्कूबाचे बहुतेक रिव्ह्यू लिहितात ते आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली गेलेले लोक. जेवण कसं होतं हे सांगायला प्रत्येकाकडे आयुष्यभराची जीभ असते. पण ब्रीफिंग पुरेसं होतं का, रेग्युलेटरची देखभाल नीट केलेली होती का, बोटीवर ऑक्सिजनचा संच होता का, हे पहिल्यांदा गेलेला माणूस कशाच्या जोरावर सांगणार? तो सांगतो ते खरंच असतं: दादा खूप प्रेमळ होते, घाबरलो तर हात सोडला नाही, व्हिडिओ झकास आला. हे आदरातिथ्याचे गुण आहेत. प्रशिक्षणाचा दर्जा दिसतो तो काही बिघडलं तर, आणि दहातल्या नऊ वेळा काही बिघडतच नाही. ढिसाळ दुकानाचेही पाच तारे त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणून मी पाच ताऱ्यांचे सोडून एक ताऱ्याचे रिव्ह्यू आधी वाचतो. त्यात रत्नं सापडतात. 'दमा आहे म्हणून सांगितलं तर डॉक्टरचं पत्र आणा म्हणाले, पैसे वाया गेले.' 'समुद्र थोडा खवळला होता तर डाइव्ह रद्द केली.' 'रात्री थोडी घेतली होती तर सकाळी पाण्यात सोडलं नाही, उद्धट माणसं.' असे चार रिव्ह्यू दिसले की ते दुकान माझ्या यादीत वर जातं. उलट 'काही कटकट नाही, फॉर्म त्यांनीच भरला, पाच मिनिटांत पाण्यात' अशी शाबासकी दिसली की सावध व्हावं. तो फॉर्म म्हणजे आरोग्याची प्रश्नावली. दमा, हृदयविकार, झटके, कानाची ऑपरेशनं यांबद्दल ती विचारते, आणि ठरावीक उत्तरं 'हो' आली की डॉक्टरची सही लागते. ती दुसऱ्यानं भरायची गोष्ट नाही. आपल्याकडे ती बहुधा इंग्रजीत असते, किनाऱ्यावर मांडलेल्या टेबलावर, मागे रांग उभी असताना भरायची असते, आणि 'सगळीकडे नो लिहा' ही सूचना आपुलकीनं दिली जाते.

कोकण आणि गोवा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत किंवा गोव्यात ग्रांडे बेटाजवळ पर्यटक जे करतात, त्याला सगळे 'स्कूबा केला' म्हणतात. तो कोर्स नसतो. तुम्ही काही मीटर पाण्यात असता, मार्गदर्शकानं तुमची टाकी मागून धरलेली असते, तुम्ही पोहत नाही, तो तुम्हाला नेतो. एजन्सींच्या भाषेत याच्या जवळची गोष्ट म्हणजे ओळख-डाइव्ह. पॅडीच्या नियमांत तिची मर्यादा १२ मीटर आहे, खुल्या पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार जण, आणि उतरण्याआधी उथळ पाण्यात दोन-तीन कौशल्यं करून घ्यायची असतात. यात स्वतंत्र डायव्हरचं कार्ड मिळत नाही. शेवटी हातात पडणारं रंगीत सर्टिफिकेट आठवण म्हणून ठेवायला छान आहे, ते दाखवून पुढे कुठे टाकी मिळणार नाही.

मालवणातल्या मार्गदर्शकांना कमी लेखायचा इथे अजिबात हेतू नाही. त्यातले कितीतरी मच्छीमार घरांतले आहेत, वारा फिरला हे त्यांना कुठल्याही मानकापेक्षा लवकर कळतं. पण समुद्र कळणं आणि दाबाखालची हवा कळणं ही दोन वेगळी शास्त्रं आहेत, दुसरं शिकावंच लागतं. त्यासाठी तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, सरावासाठी तलाव आहे, रीतसर कोर्स होतात. किनाऱ्यावर लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन फिरणारा एजंट मात्र तिन्ही गोष्टी, रीतसर कोर्स, ओळख-डाइव्ह आणि नुसती पाण्यातली सफर, 'स्कूबा' या एकाच नावानं विकतो. गोव्यात तर स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड आणि जेवण असं एकत्र पॅकेज मिळतं. त्यात पाण्याखालच्या वेळेला किती पैसे उरले असतील, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

लोगो नेमका कशाला लागू होतो, तेही इथे बघून घेऊ. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. डायव्हिंग तोपर्यंत संपलं होतं. बोट, तिच्यातली माणसं, लाइफ जॅकेट, हवामानाचा इशारा या गोष्टी मेरीटाइम बोर्डाच्या आणि स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीतल्या आहेत. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद आहे. म्हणजे नीट चौकशी करायची तर एका दुकानाचे दोन कागद बघावे लागतात, एक एजन्सीचा आणि एक सरकारी. बहुतेक पर्यटक एकही बघत नाही.

फोनवर काय विचारायचं

बुकिंगच्या वेळी दर सोडून दुसरं काही विचारलं की पलीकडचा आवाज बदलतो, आणि त्या बदलातून बरंच कळतं. एका मार्गदर्शकाबरोबर कितीजण असणार? मला पाण्यात नेणारा माणूस इन्स्ट्रक्टर आहे की डाइव्हमास्टर? बोटीवर ऑक्सिजन आहे का? कोर्स असेल तर चार दिवसांत नाही जमलं तर पाचव्या दिवसाचे पैसे किती? या शेवटच्या प्रश्नाला 'जमतंच सगळ्यांना' असं उत्तर आलं तर समजून जावं.

त्यांनी तुम्हाला काय विचारलं, तेही ध्यानात ठेवा. परतीचं विमान कधी आहे, हे विचारणारं दुकान मला भरवशाचं वाटतं. कारण डाइव्हनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त किंवा सलग काही दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, अशी शिफारस आहे. गोव्यात सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी दाबोळी किंवा मोपाहून विमान हा बेत सर्रास आखला जातो, आणि तो विकणारा क्वचितच काही बोलतो.

इन्स्ट्रक्टरचा सभासद क्रमांकही मागता येतो. पॅडीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की माणसाची पातळी आणि त्याला सध्या शिकवायची परवानगी आहे की नाही, ते दिसतं. त्यासाठी खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. दुकानात लोगो आहे पण समोरच्या माणसाचा क्रमांक नाही, असं निघालं तर भिंतीवरच्या लोगोचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि कोर्समध्ये खरंच गडबड झाली तर? चारऐवजी तीनच डाइव्ह झाल्या, एखादं कौशल्य करून न घेताच पास केलं, एका माणसानं बारा जणांना नेलं. अशी तक्रार एजन्सीकडे लेखी करता येते. कोर्सची तारीख, इन्स्ट्रक्टरचं नाव आणि क्रमांक, लॉगबुकच्या पानांचे फोटो जोडले तर तिची दखल घेतली जाण्याची शक्यता बरीच वाढते. एजन्सी इन्स्ट्रक्टरला समज देऊ शकते, पुन्हा प्रशिक्षण घ्यायला लावू शकते, निलंबित करू शकते, काढून टाकू शकते. तुमचे पैसे मात्र ती परत करत नाही, कारण ते तिनं घेतलेलेच नसतात. त्यासाठी दुकानाशी भांडावं लागतं, आणि दुकानाची पावती नसेल, एजंटला रोख दिलेले असतील, तर भांडायला समोर कुणीच उरत नाही. पावतीवर दुकानाचं नाव, कोर्सचं पूर्ण नाव आणि इन्स्ट्रक्टरचा क्रमांक लिहून घ्यायला दोन मिनिटं लागतात, आणि ती पाण्यात उतरण्याआधी काढावी लागतात.